फॉर्मवरचा नववा प्रश्न

तळघरातल्या कपाटाचं कुलूप टक् करून उघडलं. घर इतकं शांत होतं की तेवढ्याशा आवाजानंही ब्रिटा दचकली. अंगातला कोट अजून काढलेला नव्हता, बुटांना चिकटलेला बर्फ पायरीपायरीवर वितळत होता. तिनं मोजलं. नवऱ्याच्या, वेसच्या, दोन रायफली, सासऱ्यांची जुनी एक, रानकोंबड्यांसाठीची छर्‍यांची बंदूक, आणि आयनी दहा वर्षांची झाली की तिला द्यायची म्हणून आजोबांनी आत्तापासूनच हौसेनं घेऊन ठेवलेली छोटी. पाचच्या पाच जागेवर. गोळ्या वरच्या खणात, त्याला वेगळं कुलूप.

"झालं समाधान?" ती स्वतःलाच म्हणाली. खरं तर ते तिला डॉक्टर प्रेन्टिसना म्हणायचं होतं.

वर स्वयंपाकघरात आयनी खुर्चीवर गुडघे टेकून चीज घालून भाजलेला पाव खात होती. तिचा पुढचा दात हलत होता, म्हणून ती खारीसारखी एका बाजूनं कुरतडत होती. ब्रिटानं जाता जाता तिच्या टाळूवर ओठ टेकले. लोकरी टोपीचा आणि दवाखान्यातल्या साबणाचा वास आला.

"तू कुठे चाललीस?"

"सौनात. तू खिडकीतून मला बघत बस. पाव संपवायचा, हं."

"तिला उठवू नकोस," आयनी म्हणाली.

दवाखान्यातही ती हेच म्हणाली होती.

*

ब्रिटा त्याच दवाखान्यात कामाला होती. डॉक्टरांच्या आधी रोग्याला आत घ्यायचं, वजन, रक्तदाब, ताप बघायचा आणि बारा प्रश्नांचा फॉर्म भरायचा. दूध किती पितो, गाडीत पट्टा लावतो का, झोप लागते का. नववा प्रश्न होता, घरात बंदूक आहे का, असल्यास कुलपात आहे का. तीन वर्षांत ब्रिटानं तो जवळजवळ कुणालाच विचारलेला नव्हता.

सुरुवातीला एक-दोनदा विचारून पाहिला होता. शिकारीच्या मोसमाच्या तोंडावर आलेला एक लाकूडतोड्या मांडीवर थाप मारून म्हणाला होता, "किती पाहिजेत तुला? यादी देऊ, का ट्रक भरून आणू?" दुसऱ्या एका बाईनं नुसतं बघितलं होतं, आणि पुढे महिनाभर चर्चमध्ये ती ब्रिटाच्या बाकावर बसली नव्हती. इथं नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला, हरणांचा मोसम उघडतो त्या दिवशी, शाळेलासुद्धा सुट्टी असते. तिथं घरात बंदूक आहे का हे काय विचारायचं? तेव्हापासून ब्रिटा आपणच दोन खुणा करून मोकळी व्हायची. आहे. कुलपात.

गेल्या वसंतात मिलवॉकीहून प्रेन्टिसबाई आल्या. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी फॉर्मांचा गठ्ठाच तिच्यापुढे ठेवला.

"ब्रिटा, नवव्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच कसं?"

"कारण सगळे एकसारखेच आहेत, बाई."

"तुम्ही विचारता ना?"

"तुम्ही कुणाकडे जेवायला गेलात तर त्यांच्या पलंगाखाली वाकून बघता का?" ब्रिटा हसत म्हणाली होती. बाई हसल्या नाहीत.

"जेवायला गेले तर नाही बघत. पण ती माणसं माझ्याकडे जेवायला येत नाहीत."

हे ब्रिटानं घरी वेसला नक्कल करून दाखवलं होतं. तो बशीतला रस्सा पावानं पुसत म्हणाला, "उद्या विचारेल, लग्न कुणाशी करायचं होतं. सांभाळून राहा, तुझंही उत्तर लिहून घेईल." दोघं खूप हसले होते.

आज सकाळी आयनीची वार्षिक तपासणी होती. ब्रिटाची सुट्टी, म्हणून ती नुसती आई म्हणून गेली होती. फॉर्म तिनं मोटारीतच भरून टाकला होता. पण प्रेन्टिसबाईंनी तो बाजूला ठेवला आणि एकेक प्रश्न तोंडानं विचारला. नवव्याला आल्यावर ब्रिटा सवयीनं म्हणाली, "आहेत. कपाटात, कुलपात."

कागद अंथरलेल्या टेबलावर आयनी पाय हलवत बसली होती. तो कागद चुरचुर वाजत होता. ती म्हणाली, "सौनातली नाही."

"सौनात टॉवेल असतात, सोन्या."

"टॉवेलांच्या खाली. ती झोपलीय. तिला उठवायचं नाही."

कागदाची चुरचुर थांबली. बाईंचं पेनही थांबलं. ब्रिटाच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"पाच वर्षांची आहे, बाई. परवा सांगत होती की आपल्या फ्रीजमध्ये अस्वल राहतं."

"एकच रात्र राहिलं होतं," आयनी गंभीरपणे म्हणाली.

बाई आयनीकडे बघून हसल्या, आणि मग ब्रिटाकडे बघून अगदी हळू म्हणाल्या, "घरी गेल्यावर एकदा बघाल? नसेल काही. पण बघाल?"

"बघते," ब्रिटा तुटकपणे म्हणाली. परतीच्या सगळ्या वाटेवर ती मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होती. एकाहून एक चांगली उत्तरं सुचत होती.

*

सौना, वाफ घ्यायची लाकडी खोपी, परसात, मागच्या दारापासून वीस पावलांवर. शनिवारी शेगडी पेटायची, आधी बायका-पोरं वाफ घेऊन यायची, मग पुरुष. आज आठवड्याचा मधला दिवस. आतली शेगडी थंड होती आणि बाहेरच्या छोट्या खोलीत ओल्या लाकडाचा वास कोंडला होता. रोजचे टॉवेल खुंट्यांवर होते. खुंट्यांखाली झाकणाचं बाक, त्यात जुने, विटलेले, उन्हाळ्यात तळ्यावर न्यायचे टॉवेल. सप्टेंबरपासून ब्रिटानं ते उघडलेलं नव्हतं. उघडायचं कारणच नव्हतं.

तिनं झाकण उचललं. वरचे दोन टॉवेल नीट पसरलेले होते. फार नीट. पोरं बाहुलीवर पांघरूण घालतात तसे, कडा चारी बाजूंनी आत खोचून.

तिनं ते काढले. खाली एक पुडकं होतं. निळ्या चौकड्यांच्या, भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेलं, वरून सुतळी बांधलेली. उचलल्याबरोबर हाताला वजन कळलं. या गावातल्या कुठल्याही बाईला ते वजन कळलं असतं.

पण ती बघत राहिली ती गाठीकडे.

सुतळीला फुलाची गाठ होती. दोन पाकळ्या, एक मोठी, एक लहान, वाकडी. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी हीच गाठ ती दारात आयनीच्या बुटांवर बघत होती. एक कान सशाचा, दुसरा कान सशाचा, बिळात जा, ओढ. आयनी जीभ बाहेर काढून बांधायची आणि ब्रिटा उशीर होत असला तरी थांबायची. कारण ती गाठ आयनीची एकटीची होती.

ब्रिटानं पुडकं बाकाच्या कडेवर ठेवलं. तिनं सुतळीचं टोक धरलं. गाठ एका ओढीत सुटली. फडक्यात काळं रिव्हॉल्वर होतं, आणि त्याच्या नळीच्या तोंडावर, ओढून बसवलेली, बाहुलीची लाल लोकरी टोपी. ती टोपी गेल्या नाताळात ब्रिटानंच विणली होती.

ब्रिटाला रिव्हॉल्वरची गोळ्यांची चक्री उघडता येत होती. लग्नाआधी वडिलांनी शिकवलं होतं. तिनं ती बाजूला सरकवली.

सहा घरं. सहाही भरलेली.

 परसापलीकडे स्वयंपाकघराच्या खिडकीत आयनी उभी होती, आणि पावाचा तुकडा वर धरून, संपत आलाय हे दाखवत होती. ब्रिटानं हात हलवून तिला हसून दाखवलं. ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. ते काढायचं कसं, तिला कळेना.

*

वेस काउंटीच्या बर्फ काढायच्या गाडीवर होता. फोनवर ब्रिटा एवढंच म्हणाली, "घरी ये. आयनी बरी आहे. घरी ये." वीस मिनिटांत ती अगडबंब नारिंगी गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तो धावत आला आणि सौनाच्या दारातच थबकला. बाकावर निळं फडकं बघून त्याचा चेहरा आधी नुसता अवघडला. चोरून ठेवलेली बाटली सापडावी तसा.

"अगं, हे माझं नाही."

"ते दिसतंय."

"ऑर्विलचं आहे."

ऑर्विल निएमी त्यांचा शेजारी, रस्त्यावरचं पुढचं दुसरं घर. एकाहत्तर वर्षांचा. जुलैमध्ये त्याची बायको वायलेट वारली. तेव्हापासून दर शनिवारी वेस त्याला सौनाला बोलवायचा.

"ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी घेऊन आला," वेस म्हणाला. "वाफ घेऊन आम्ही इथंच बसलो होतो. जाताना हे माझ्या शेजारी ठेवलं. म्हणाला, वसंतापर्यंत ठेवशील? मी म्हटलं, ठेवतो."

"एवढंच?"

"एवढंच."

"तू विचारलं नाहीस? का देतोयस, काय झालंय?"

"ब्रिटा, हे विचारायचं नसतं. बायको सोडून गेली तेव्हा हँकनं बाबांकडे दोन रायफली आणून ठेवल्या होत्या. बाबांनी विचारलं? दोन वर्षांनी तो येऊन घेऊन गेला, येताना मासे घेऊन आला, झालं. माणूस घेऊन येतो तेच पुष्कळ असतं. वर त्याला बोलतं करायचं?"

"उघडून तरी बघायचं."

"त्याच्यासमोर? आणि नंतर उघडायचं म्हणजे..." तो अडखळला. "त्यानं बांधून दिलं होतं. ऑर्विल गेली पन्नास वर्षं रानात जातो, गं. भरलेली देईल असं कुणाच्या मनात तरी येईल का?"

"कपाटात का नाही ठेवलंस?"

वेसनं टोपी काढली, हातात फिरवली. "कपाटात ठेवलं असतं तर तू विचारलं असतंस. तू दवाखान्यातली. मग ते कागदावर आलं असतं. ती बाई त्याच्या दारात गेली असती. म्हटलं, म्हाताऱ्याची लाज झाकलेली बरी."

 ब्रिटानं मूठ उघडून पुढे केली. हातावर सहा गोळ्या होत्या. मग दुसरी मूठ उघडली. त्यात लाल टोपी.

वेसला पहिल्यांदा कळलं नाही. त्यानं टोपी उचलली, उलटी केली, आत बोट घातलं. मग सुतळीकडे बघितलं.

"याला नावाड्यांची गाठ होती," तो म्हणाला. "ऑर्विल दुसरी बांधतच नाही. घट्ट, दुहेरी..."

"मी आले तेव्हा सशाचे कान होते."

एवढा थोराड माणूस. तो बाकावर बसला नाही, भिंतीला पाठ लावून खाली घसरत घसरत जमिनीवरच बसला. उन्हाळ्यात याच माणसानं आयनीला बोट दाखवून दाखवून शिकवलं होतं, की रायफल दिसली तर हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगायचं. लांब लाकडी दस्त्याची, कपाटातली रायफल. हे असलं, आखूड, काळं, फडक्यात गुंडाळलेलं काही तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

दार ढकललं गेलं. आयनी आत आली, बूट उलटसुलट घातलेले.

"पाव संपला," ती म्हणाली, आणि मग फडक्याकडे बघून तिचा चेहरा उतरला. "उठवलंस तिला."

ब्रिटानं तिला मांडीवर घेतलं. जितक्या हलक्या आवाजात जमेल तितक्या हलक्या आवाजात विचारलं, "पिल्लू, तू ते कसं उघडलंस?"

"दातानं. म्हणून तर दात हलतोय." तिनं तो जिभेनं हलवून दाखवला. "मग परत बांधलं. चांगलं बांधलं ना?"

"हो. छान बांधलं होतंस."

"आणि," वेस खालूनच म्हणाला, त्याचा आवाज ओळखू येत नव्हता, "तो आकडा असतो ना, वळलेला, खालचा. त्याला बोट लावलंस?"

"लावलं. ते हलतच नाही. खूप घट्ट आहे." आयनीनं दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर ठेवून दाखवली. "असं दोन्ही बोटांनी पण केलं. तरी नाही. मग मला वाटलं ती झोपलीय. म्हणून टोपी घातली, थंडी वाजेल म्हणून."

वेस उठून बाहेर गेला. भिंतीपलीकडे तो बर्फात ओकत असल्याचा आवाज आला. ब्रिटा मुलीचा हात हातात घेऊन बसली होती. पाचही बोटं तिनं एकेक करून बघितली. नखांत चीज होतं. अंगठ्यापाशी कालचा निळा रंग. इतकं लहान बोट. जोर कमी पडला, म्हणून.

*

आणि मग, त्या बाकावर, थंड खोलीत, दुसरी गोष्ट तिच्यापर्यंत पोचली. ती मघापासून दारात उभी होती, ब्रिटानंच तिला आत घेतलं नव्हतं.

ऑर्विल सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात आला होता. रक्तदाबासाठी. ब्रिटानंच त्याला आत घेतलं होतं. त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता ती वायलेटच्या टोमॅटोंबद्दल बोलत होती. यंदा कुणी काढले, वाया तर नाही ना गेले. बोलता बोलता फॉर्मही भरत होती. आठवा प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत जगणं नकोसं वाटलं का, हाही ती आपणच भरायची. नाही. नववा. आहे, कुलपात. ऑर्विल चष्म्याच्या वरून तिच्या पेनकडे बघत होता.

"झालं?" त्यानं विचारलं होतं.

"झालं, ऑर्विलकाका. बाई येतीलच."

"आणखी काही विचारायचं नाही ना राहिलं?"

"नाही हो. तुमचं काय विचारायचं? तुम्ही का परके?"

तो मान हलवून म्हणाला होता, "बरं, पोरी." तेव्हा ते ब्रिटाला फार चांगलं वाटलं होतं. बाईंसमोर गेलेल्या त्या फॉर्मवर सगळं ठीकठाक होतं, आणि त्या दिवशी बाहेर बारा माणसं खोळंबली होती. पुढच्याच्या पुढच्या शनिवारी तो फडकं घेऊन वेसकडे आला.

ती उठली. फडकं, चक्री उघडी ठेवलेलं रिव्हॉल्वर आणि गोळ्या तिनं वेसच्या हातात दिल्या. त्यानं तोंड बर्फानं धुतलं होतं, दाढीला पाणी चिकटलं होतं.

"हे कपाटात. गोळ्या वेगळ्या. मी ऑर्विलकाकांकडे जातेय."

"काय सांगणार आहेस त्याला? पोरीच्या हाती लागलं म्हणून? मरून जाईल गं तो लाजेनं." शब्द तोंडातून गेल्यावर त्यालाच ते ऐकू आले. 

"सांगणार नाहीये," ब्रिटा म्हणाली. "विचारणार आहे."

"मी येऊ?"

"आत्ता नको. दोघं गेलो तर तो काहीतरी विनोद करेल आणि तू हसशील."

वेसनं मान खाली घातली. ते खरं होतं.

तिनं कालच्या पास्टी कागदात गुंडाळल्या, बटाटा-मांसाच्या, कडा जाड वळलेल्या, ऑर्विलला आवडायच्या तशा. इथं रिकाम्या हातानं कुणी कुणाच्या दारात जात नाही. आयनीला मागे ठेवून जायचं तिच्या जिवावर आलं. आज तिला नजरेआड करणं शक्य नव्हतं. तिला मोटारीत मागच्या आसनावर बसवून पट्टा लावला, बूट काढून नीट पायात घातले. नाडी सुटली होती. आयनी वाकायला लागली.

"राहू दे," ब्रिटा घाईनं म्हणाली, आणि लगेच, "नाही. बांध तू."

एक कान. दुसरा कान. बिळात जा.

दोन घरांचं अंतर. ऑर्विलच्या धुराड्यातून धूर निघत होता, तो बघून ब्रिटानं श्वास सोडला.  ट्रक अंगणात होता. फाटकापासून दारापर्यंतची वाट झाडून काढलेली, कडा सरळ. पडवीच्या खांबाला वायलेटच्या बागकामाच्या हातमोज्यांची जोडी अजून अडकवलेली होती. आणि दारापाशी, भिंतीला, मोसमासाठी धुऊन वाळत घातलेला नारिंगी कोट. शनिवारी मोसम उघडणार होता. तो दर वर्षी एकटाच जायचा, रायफल घेऊन, नदीपलीकडच्या खोपटात.

ब्रिटानं इंजिन बंद केलं. आठवा प्रश्न तिनं ओठांवर घोळवून पाहिला. तीन वर्षं ज्यांच्यापुढे ती खूण करत आली होती ते शब्द, पण तोंडात ते कसे बसतात हे तिला ठाऊकच नव्हतं. काका, तुम्हाला जगणं. काका, रागावू नका, पण. काका, त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, काही राहिलं का. राहिलं होतं.

पडवीचं दार उघडलं. ऑर्विल सपाता घालूनच बाहेर आला, डोळ्यांवर आडवा हात धरून मोटारीकडे बघत. आयनीला ओळखून त्यानं दोन्ही हात हलवले. केवढा वाळला होता. दर रविवारी चर्चमध्ये बघूनही आपल्याला हे दिसलं नाही?

"आई," आयनी मागून म्हणाली, "ती झोपलेली ऑर्विलआजोबांची होती?"

"हो, बाळा."

"त्यांनी आपल्याला का दिली?"

ब्रिटानं पट्ट्याच्या बटणावर बोट ठेवलं होतं. "त्यांना ती घरात नको होती," ती म्हणाली. खरं सांगायचं असं तिनं ठरवलं होतं, आणि हे तरी खरं होतं.

आयनीनं विचार केला. तिकडे ऑर्विल पायऱ्या उतरायला लागला होता, कठड्याला धरून, एकेक.

"मग आता," आयनीनं विचारलं, "त्यांच्याकडे आणखी नाही ना एकही?"